रोजमेळात न दिसणारा खर्च

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून कोल्हापूरला जाते. व्यापारी घरांतील कितीतरी मुले शिक्षण संपताच याच गाडीने नोकरीसाठी पुणे गाठतात. निघताना घरात विचारले जाते, "पगार किती?" त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र राहून जातो : "त्यासाठी सोडले काय?"

एक पर्याय स्वीकारल्याने हातून गेलेल्या पर्यायांपैकी सर्वोत्तम पर्यायाचे मोल म्हणजे संधी-खर्च. धानाच्या व्यापाऱ्याला हे नवे नाही. भाव चढेल म्हणून पोती गोदामात ठेवली, तर भाडे व तूट सोसावी लागतेच. शिवाय अडकलेल्या भांडवलावर दुसऱ्या सौद्यात मिळाला असता तो नफाही जातो. रोजमेळात त्याची नोंद नसते.

नोकरीचा हिशोबही असाच मांडता येतो. समजा, पुण्यात पगार ४५,००० रुपये आणि खोली, मेस, प्रवास यांचा खर्च २२,०००, शिल्लक २३,०००. गोंदियात पगार २८,०००, घरी राहून खर्च ४,०००; शिल्लक २४,०००. घरचे दुकान सांभाळल्यास मुनिमाचे १८,००० वाचतील. स्वतःचा खर्च वजा जाता १४,०००. येथे पुण्याचा संधी-खर्च २४,००० आहे. दोन्ही पर्यायांची बेरीज करून ३८,००० धरणे चूक, कारण एका वेळी एकच पर्याय निवडता आला असता.

म्हणजे मोठ्या पगाराची नोकरी आज दरमहा १,००० रुपयांनी तोट्याची आहे. पण तेथे नवी विद्या मिळून पुढे मिळकत वाढणार असेल, तर ती रक्कम शिकवणीची फी समजावी. शिकण्यासारखे काही नसेल, तर तो निव्वळ तोटा. आई-वडिलांचा सहवासही याच तागडीत तोलावा. शिक्षणावर झालेला खर्च मात्र यात धरू नये. कोणतीही नोकरी घेतली तरी तो परत येत नाही.

सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी घरचा स्थिर व्यापार मागे ठेवून रेल्वे कंत्राटाची वाट धरली. त्यांचे भागीदार लक्ष्मणराव फाटक रेल्वेतील कारकुनी सोडून आले होते. दोघांनीही चालती मिळकत सोडली. पुढे १९१९ मध्ये वालचंदांच्या पुढाकाराने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. धाडस प्रत्येकाला फळतेच असे नाही. म्हणूनच सोडायचे काय, हे आधी मोजावे.

नोकरीचे पत्र हाती येताच वडील आणि मुलाने, किंवा मुलीने, एकत्र बसून कागदावर दोन रकाने आखावेत : मिळणार काय आणि सुटणार काय. दुसरा रकाना प्रामाणिकपणे भरला, तर निर्णय कोणताही होवो, पुढे पश्चात्तापाला जागा कमी उरेल.