पेटीवरचा ठसा आणि पेटीतली जोडणी

धाराशिव जिल्ह्यात विहिरीवरच्या मोटरीचं पॅनल बोर्ड उघडलं की आतल्या कॉन्टॅक्टरवर किंवा टायमरवर ‘सीई’ ही अक्षरं दिसू शकतात. घेणाऱ्याला वाटतं, माल युरोपात तपासून पास झालेला आहे. प्रत्यक्षात या वर्गातल्या मालाला तिथलं कोणतंही सरकारी खातं आधी पास-नापास करत नाही. ५० ते १००० व्होल्ट एसीच्या उपकरणांना युरोपीय संघाचा २०१४ चा लो व्होल्टेज निर्देश लागू होतो. शेतीपंपाचे थ्री फेजचे ४१५ व्होल्ट याच पट्ट्यात येतात. या निर्देशानुसार उत्पादकाने स्वतः धोके तपासायचे, आराखडे आणि चाचण्यांची फाइल करायची, घोषणापत्रावर सही करायची आणि मग ठसा उमटवायचा. फाइल १० वर्षं सांभाळावी लागते. आपला आयएसआय मार्क वेगळ्या वाटेने येतो. भारतीय मानक ब्युरो नमुने तपासून परवाना देतं, आणि मार्कसोबत छापलेला परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर ताडून पाहता येतो.

उत्पादकानेच स्वतःला प्रशस्तिपत्र द्यायचं, तर त्याला किंमत काय, असा प्रश्न साहजिक आहे. किंमत आहे ती सहीला. माल सदोष निघाला तर तपास यंत्रणा ती फाइल मागते, माल बाजारातून परत घ्यायला लावते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही जबाबदारी सुट्या भागांच्या कंपनीवर सोडून देता येत नाही. सीई असलेले दहा भाग एका पेटीत बसवले म्हणून पेटी आपोआप सीई होत नाही. स्वतःच्या नावाने पॅनल विकणाराच त्या पॅनलचा उत्पादक ठरतो. भारतात विकायच्या पॅनलवर हा युरोपीय कायदा चालत नाही, हे खरं. पण जोडणाऱ्याला जबाबदार धरण्याचा हा विचार आपल्याकडे नेमका हवा आहे, कारण आपल्याकडचा धोका बऱ्याचदा भागांत नसतो, जोडणीत असतो.

ऑटो स्विचचंच घ्या. स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल वीज गेली की सुटते आणि मोटर बंद होते. वीज आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय ती चालू होत नाही. वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊन कुणाला इजा होण्याची शक्यता असेल, तर ते रोखलंच पाहिजे, असं यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचं ६०२०४-१ हे मानकही सांगतं. वीज येताच मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्विच हेच संरक्षण काढून घेतो. शेतकरी केबलचा सांधा करत असताना वीज आली, की तारेत करंट येतो. शिवाय गावातल्या साऱ्या मोटरी एकदम सुरू होऊन ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. म्हणूनच ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगत आलं आहे.

उष्णतेचंही तसंच. पॅनलच्या ६१४३९ या मानकात भोवतालचं तापमान ४० अंशांपर्यंत धरलेलं असतं. मे महिन्यात इथली हवाच त्याच्या आसपास किंवा वर असते, आणि उन्हात टांगलेल्या पत्र्याच्या बंद पेटीत ती आणखी तापते. चांगल्या कंपनीचा ओव्हरलोड रिलेही अशा पेटीत विनाकारण ट्रिप होऊ लागला, की कुणीतरी त्याची सेटिंग वाढवून ठेवतं आणि मोटर जळते.

लहान पॅनलवाल्याला प्रयोगशाळेचा खर्च कसा परवडणार? ही अडचण खरी आहे, पण मानकानेच तिच्यातून वाट ठेवली आहे. दरवेळी नवी चाचणी लागत नाही. आधी तपासलेल्या रचनेशी तुलना करून किंवा हिशेब मांडूनही बऱ्याच गोष्टी सिद्ध करता येतात. कोणता भाग किती वॅट उष्णता टाकतो, हे कॅटलॉगमध्ये मिळतं. ती बेरीज, वायरिंगचा नकाशा आणि अर्थिंगची तपासणी सही करून ग्राहकाला द्यायला प्रयोगशाळा लागत नाही.

ऑटो स्विचच्या बाजूने एक आक्षेप मात्र वजनदार आहे. थ्री फेज रात्रीच्या पाळीत आली तर अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने बटण दाबायला जायचं कुणी? या शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला दिवसा वीज द्यायला हवी. सौर कृषी वाहिनी योजना आणि सौर पंप त्यासाठीच आहेत. दिवसाची वीज मिळेपर्यंत ऑटो स्विच ठेवायचाच असेल, तर सोबत उशिरा सुरू करणारा टायमर असावा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर एकदम भार येणार नाही. आणि दुरुस्तीच्या वेळी बंद करून कुलूप लावता येईल असा मेन स्विच पॅनलवर हवा, ज्याची किल्ली सांधा करणाऱ्याच्या खिशात राहील.