ऐकणाऱ्या गावांचा प्रयोग

संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने अवघे मुंबई राज्य तापलेले असता, १९५६ च्या फेब्रुवारी महिन्यात ऑल इंडिया रेडिओच्या पुणे केंद्राने एक शांत स्वरूपाचा उपक्रम हाती घेतला. त्या उपक्रमाचे महत्त्व महाराष्ट्राहून अधिक परदेशांतील लोकशिक्षणाच्या अभ्यासकांनी ओळखले, याचे मला नेहमी वैषम्य वाटत आले आहे. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेले हे केंद्र तेव्हा पुरते तीन वर्षांचेही नव्हते. त्याच्या प्रक्षेपणाच्या आश्रयाने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. प्रत्येक मंडळात गावातील पंधरावीस माणसे, त्यांचा एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी एकत्र जमावे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावा, तो संपताच रेडिओ बंद करून त्याच बैठकीत त्याची चर्चा करावी, आणि चर्चेचा वृत्तांत व मनात उद्भवलेले प्रश्न टपालाने पुण्यास रवाना करावेत, असा रिवाज ठरला. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले.

कल्पना मूळ कॅनडाची. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत होती, आणि वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा हा त्यांचा क्रम होता. युनेस्कोने ती कल्पना इकडे आणली, खर्चाचा काही वाटा उचलला, आणि परिणामांची तपासणी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे सोपविली. परंतु कॅनडाचा शेतकरी स्वतःच्या घरच्या रेडिओवर शेजाऱ्यांसह ऐकत होता. आपल्याकडे गावात रेडिओ म्हणजे सरकारी योजनेतून मिळालेला, बॅटरीवर चालणारा, चावडीत वा शाळेत ठेवलेला सार्वजनिक संच. कॅनडाच्या क्रमातील पहिली पायरी जी वाचनाची, ती तर निरक्षर श्रोत्यांपुढे ठेवण्यात अर्थच नव्हता. म्हणून पुण्याच्या प्रयोगात ऐकणे, चर्चा आणि कृती या तिघांवरच सारा भार आला, आणि माझ्या मते त्यामुळेच तो प्रयोग मूळ कॅनडाच्या योजनेहून अधिक बोलका झाला.

कार्यक्रमांचे विषय शेती, आरोग्य, शिक्षण, सहकार आणि गावचा कारभार असे होते. त्यांची भाषा हा स्वतंत्र कसबाचा भाग होता. अधिकाऱ्याच्या परिपत्रकातील मजकूर जसाच्या तसा ध्वनिक्षेपकातून वाचला, तर ऐकणारे दोन मिनिटांत उठून जातात. तोच मजकूर माणसांच्या बोलण्यातून, तंट्यातून, शंकेतून आला की माणूस मान पुढे करून ऐकू लागतो. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात त्याच सुमारास व्यंकटेश माडगूळकर रुजू झाले होते, आणि पुढे त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे त्या नोकरीत घालविली. ‘बनगरवाडी’ लिहिणारा लेखक सरकारी मस्टरावर सही करून खेड्यांसाठी कार्यक्रम तयार करीत होता, ही गोष्ट राजाश्रयाच्या हिशेबात मी मोठ्या जमेची धरतो. कोणत्याही बाजारपेठेने त्या काळी ग्रामीण श्रोत्यासाठी असा माणूस पदरी ठेवला नसता, कारण त्या श्रोत्यापाशी देण्याजोगे पैसे नव्हते.

या प्रयोगाचा इतिहास दोघांनी मिळून लिहिला. एक जगदीशचंद्र माथूर. हे सनदी अधिकारी, ‘कोणार्क’ या हिंदी नाटकाचे कर्ते, आणि त्या वेळी ऑल इंडिया रेडिओचे महासंचालक. दुसरे पॉल नॉयराथ. हे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ. तरुणपणी हिटलरच्या राजवटीने त्यांना दाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत डांबले होते, आणि तेथून सुटल्यावर ते अमेरिकेत स्थायिक झाले. ज्या माणसाने शासनसंस्थेचे अत्यंत क्रूर रूप स्वतःच्या देहावर सोसले, तोच माणूस महाराष्ट्रातल्या खेड्यांत शासनाच्या आधाराने चाललेली चर्चा कितपत फलद्रूप होते हे मोजीत बसला, याचा विचार करताना मी आजही थबकतो. त्यांचा ग्रंथ युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

तपासणीची पद्धत साधी आणि कसोशीची होती. श्रोतृमंडळ असलेली गावे, केवळ रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली गावे, आणि रेडिओच नसलेली गावे अशी तुलना करून, कार्यक्रमांपूर्वी आणि कार्यक्रमांनंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारण्यात आले. मंडळाच्या गावांत ज्ञानाची वाढ स्पष्ट आणि मोठी आढळली. ज्या गावी नुसता रेडिओ होता, तेथील वाढ तिच्यापुढे अल्प ठरली. निरक्षर सभासदांनीही या चर्चांतून पुष्कळ काही आत्मसात केले होते. त्याहून मोलाची गोष्ट ही की, काही आठवड्यांतच ही मंडळे नुसती ऐकणारी न राहता गावाच्या कामांविषयी निर्णय घेणारी होऊ लागली. केवळ संच वाटून लोकशिक्षण होते, असे समजणाऱ्या प्रत्येक खात्याने हा निष्कर्ष आपल्या दप्तरात अग्रभागी लावून ठेवावयास हवा होता.

त्या दहा आठवड्यांत शासनाने काय काय पुरविले ते पाहावे. प्रक्षेपण होते, संच होते, हे तर झालेच. पण त्याखेरीज मंडळे उभी करणारे, त्यांना भेटी देणारे, अडल्यानडल्यास धावून जाणारे संघटक होते, आणि गावाकडून आलेला कागद वाचून त्यास पुढील प्रक्षेपणात उत्तर देणारी माणसे होती. खेड्यातला माणूस सरकारला प्रश्न विचारतो आणि सरकार त्याच्या नावगावासह आकाशातून उत्तर देते, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या दरखास्ती देऊन शेऱ्यांची वाट पाहिलेल्या रयतेस सर्वस्वी नवा होता. शासनाच्या पैशावर चालणारे प्रक्षेपण शासनाचेच गुणगान करील, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि रेडिओ तेव्हा थेट मंत्रालयाच्या ताब्यात असल्याने तो निराधारही नव्हता. प्रसार भारतीचा कायदा व्हायला १९९० साल उजाडले, आणि तो अमलात यायला १९९७. तथापि या आक्षेपावर पुणे प्रयोगाने एक व्यवहारी तोड दाखविली होती, ती म्हणजे उलट टपालाची. ज्या संस्थेला दर आठवड्यास शेकडो माणसांच्या शंकांना जाहीर उत्तर द्यावे लागते, तिला केवळ गुणगानावर वेळ मारून नेता येत नाही.

१९५९ च्या नोव्हेंबरात ही योजना देशभर लागू झाली, आणि १९६५ च्या सुमारास मंडळांची संख्या १२,००० च्या घरात गेली. संख्या वाढविण्यास एक हुकूम पुरतो. संघटकाचा पगार, प्रवासभत्ता, बॅटरीचा पुरवठा आणि बिघडलेल्या संचाची दुरुस्ती यांस दरसालची तरतूद लागते, आणि अंदाजपत्रकात कात्री नेमकी याच बाबींना प्रथम लागते. मंडळे हळूहळू निस्तेज झाली.

हीच कथा पुढे चित्रवाणीच्या बाबतीत घडली. १९७५-७६ मध्ये अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्यात नव्हता. इन्सॅट मालिकेतील उपग्रह आल्यावर मात्र, शालेय कार्यक्रम निर्माण करणाऱ्या संस्था ज्या सहा राज्यांत उभ्या राहिल्या, त्यांत महाराष्ट्राची बालचित्रवाणी होती. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने दूरदर्शनवरून एका अख्ख्या पिढीला विज्ञान, भूगोल आणि गोष्टी मराठीत दाखविल्या. केंद्राने आपला आर्थिक हात आखडता घेतला, राज्याने तो भार पूर्णतः पत्करला नाही, पगार थकत गेले, आणि २०१७ मध्ये संस्था बंद करण्यात आली. एका सरकारने जन्मास घातलेल्या संस्थेचा खर्च कोणत्या सरकारच्या खात्यावर टाकावा, एवढ्याच तंट्यात तिचा जीव गेला, असे मी स्पष्ट म्हणतो.

बालचित्रवाणीच्या ध्वनिचित्रफिती जनतेच्या पैशाने तयार झालेल्या आहेत. त्यांची संपूर्ण यादी राज्य सरकारने प्रसिद्ध करावी, ज्या चांगल्या अवस्थेत आहेत त्या कोणत्याही शाळेस विनामूल्य उपलब्ध कराव्यात, आणि नव्या कार्यक्रमांसाठी जी रक्कम मंजूर होईल, तिच्यात शिक्षकांकडून व मुलांकडून येणाऱ्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या माणसांच्या पगाराची बाब वेगळी आणि कायम स्वरूपाची लिहावी.