सुट्टीचे वतन

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी सांगलीहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे आमचे थोरले साडू. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख, आणि पैशांविषयी फोनवर सहसा न बोलणारे. त्या दिवशी मात्र पावसापाण्याची चौकशी होताच ते एकदम म्हणाले, "गोव्याचा तो आठवडा आहे ना, तो काढून टाकायचा म्हणतो. बाहेरच्याला देण्यापेक्षा तुम्हीच घ्या. दीड लाखात देतो. अकरा वर्षं शिल्लक आहेत अजून."

मी "बघतो" म्हणालो. आमच्या घरात 'बघतो' याचा अर्थ स्वयंपाकघराकडे बघतो असा आहे. तिथून काही उत्तर आले नाही. बऱ्याच वेळाने सौ. एवढेच म्हणाली, "ताईची गॅलरी."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी ती गेली. गुडघ्यांमुळे तिला वाळूत चालता येत नसे. पण दर जानेवारीत समुद्रासमोरच्या त्या गॅलरीत खुर्ची टाकून ती दिवसचे दिवस बसे, आणि परत आली की महिनाभर त्याच गोष्टी सांगे. तेव्हा प्रश्न नुसता दीड लाखाचा नव्हता, हे मला पहिल्याच दिवशी कळून चुकले.

या व्यवहाराला इंग्रजीत टाइमशेअर म्हणतात. मी त्याला सुट्टीचे वतन म्हणतो. एका खोलीत वर्षातला एक आठवडा राहण्याचा हक्क तुम्ही अनेक वर्षांसाठी एकदम विकत घ्यायचा. उरलेले आठवडे उरलेल्या लोकांचे. स्वित्झर्लंडमधील हापीमाग या संस्थेने १९६३ साली अशी सामाईक सुट्टीघरे काढली. १९७४ साली अमेरिकेत आर.सी.आय. निघाली. तिच्यामार्फत आपला आठवडा देऊन दुसऱ्या गावातला आठवडा घेता येऊ लागला. आपल्याकडे १९८६ साली स्टर्लिंग आणि १९९६ साली महिंद्र या कंपन्या या धंद्यात उतरल्या, आणि मध्यमवर्गाला पंचवीस-पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या आगाऊ विकत मिळू लागल्या.

खरे तर कृष्णाकाठच्या माणसाला यात नवल वाटू नये. चार भावांत एक विहीर असली, की सोमवार-मंगळवार थोरल्याचे, बुधवार मधल्याचे, अशी पाण्याची पाळी असतेच. पण त्या पाळीच्या मागे जमीन असते आणि सातबाऱ्यावर नाव असते. परदेशात काही ठिकाणी आठवड्याबरोबर मालमत्तेतला हिस्साही नावावर होतो म्हणतात. नानांच्या करारात काय आहे ते पाहिल्याशिवाय हो-नाही म्हणायचे नाही असे ठरवून, कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आम्ही सांगलीला गेलो.

नानांचे घर गावभागात. २०१९च्या महापुरात तळमजल्यावर पाणी आले होते, त्यात ही फाईलही भिजली. कागद वाळवून इस्त्री केलेले. कडांना गाळाची तपकिरी रेघ. करार २०११ सालचा, पंचवीस वर्षांचा. मिळाला होता तो फक्त वापराचा हक्क. २०३६ साली खोली, गॅलरी आणि समुद्र ज्याचे त्याला. कुलकर्ण्यांची वतने रद्द करणारा कायदा १९५० साली झाला, तेव्हा आमच्या आजोबांना निदान वतन गेल्याचे दुःख तरी करता आले. हे वतन जाण्याची तारीख पहिल्याच पानावर छापलेली!

करारापेक्षा बोलक्या निघाल्या त्या पावत्या. खोली वापरा वा न वापरा, देखभालीची वार्षिक वर्गणी भरावीच लागते. पहिल्या वर्षी ती ११,००० होती. यंदा करासह २४,०००. म्हणजे दरसाल साधारण सहा टक्क्यांनी वाढ. नाना सांगत होते आणि मी पाकिटाच्या पाठीवर लिहीत होतो. दीड लाख किंमत, नाव बदलण्याची फी २५,०००; ते अकरा वर्षांवर वाटले तर वर्षाला १६,००० पडतात. त्यात वर्गणी मिळवली की ४०,०००. सहा रात्रींचे चाळीस हजार, म्हणजे रात्रीला साडेसहा हजारांच्या वर. गाडीभाडे आणि जेवण निराळे. वर्गणी याच चालीने वाढत गेली तर शेवटच्या वर्षी ती ४३,०००च्या घरात जाईल, आणि अकरा वर्षांची नुसती वर्गणीच साडेतीन लाखांवर.

दीड लाखाकडे मी किंमत म्हणून पाहत होतो, आणि ती निघाली नुसती दाराशी द्यायची दक्षिणा. आपण विकत घेणार होतो ते नानांच्या डोक्यावरचे देणे. असले जुने हक्क स्वस्तात मिळतात त्याचे कारण हेच. त्यांनी २०११ साली किती मोजले याच्याशी आजच्या किमतीचा काही संबंध नाही.

शिवाय दुसऱ्याचे वतन घ्यायचे म्हणजे त्याचे पंचांगही घ्यावे लागते. या कंपन्या वर्षाचे रंगांप्रमाणे तुकडे पाडतात. नानांच्या रंगात दिवाळी, नाताळ आणि मे महिना बसत नाहीत. निवृत्त माणसाला ते सोयीचे. मी पडलो मास्तर, माझ्या सुट्ट्या नेमक्या त्याच. आम्हा सातारकरांना कुंभार्ली घाट उतरून गणपतीपुळे गाठता येते, पर्यटन महामंडळाची निवासस्थाने तिथेही आहेत आणि तारकर्लीलाही. ज्या वर्षी जायचे त्या वर्षी पैसे मोजायचे. मुलीची परीक्षा असली तर घरी बसायचे, आणि घरी बसल्याची वर्गणी कोणी मागत नाही.

नानांना एका दलालाचाही फोन आला होता. "गिऱ्हाईक तयार आहे, आधी नोंदणीचे पंधरा हजार पाठवा." नाना जुने बँकवाले, पाठवले नाहीत. युरोपात २००८च्या नियमांनी विक्री पुरी होण्याआधी दलालाला पैसे घ्यायला बंदी केली, आणि करारावर सही केल्यावरही मन बदलायला चौदा दिवस दिले. २०११ साली सांगलीच्या एका हॉटेलात चहा-भजी देऊन सही घेणाऱ्या त्या हसतमुख तरुणाने नानांना चौदा मिनिटेही दिली नव्हती.

हे सगळे नानांना सांगायचे कसे? मी पाकीट पालथे घातले. ते हसले. "प्रोफेसर, आकडेमोड मला येते. तुम्हाला फसवायचं नव्हतं. दर एप्रिलला वर्गणीचं पत्र येतं, त्यावर अजून तिचं नाव असतं. ते पाहवत नाही."

मग सौ.ने विचारले, "भावोजी, गेली दोन वर्षं तुम्ही गेला नाहीत. वर्गणी भरलीत?"

"भरली."

तिने फाईल पुढे ओढली. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षात नेता येतात, असे एक कलम तिला शोधून काढता आले. दोन वर्षांच्या बारा रात्री शिल्लक होत्या. मुदतीपूर्वी सभासदत्व परत करण्याचेही कलम होते. पैसे जवळजवळ काही मिळणार नव्हते, पण वर्गणी थांबणार होती. मी त्याच बैठकीत कंपनीला पत्राचा मसुदा लिहिला. परत करण्याची अट काय, बाकी किती, आणि पत्रावरचे नाव केव्हा बदलणार, हे सर्व लेखी कळवा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दसऱ्यापूर्वी आली. तिसऱ्याचे अजून यायचे आहे.

हक्क आम्ही घेतला नाही. जानेवारीसाठी मी रजा टाकली आहे. गोवा एक्सप्रेसची तिकिटे काढली. आम्ही साताऱ्याला बसणार, नाना सांगलीला. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. खोली बागेच्या बाजूची मागू की समुद्राच्या, असे विचारत होते.

या वेळी मी "बघतो" म्हणायच्या आतच सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला. "समुद्राच्या, भावोजी. आणि दुसऱ्या मजल्यावरची. तीच."