ईसीएम बदलण्याआधी
देशभर एप्रिल २०१७पासून बीएस-४ प्रदूषण नियम लागू झाले. त्या काळातल्या बहुतेक ट्रकमध्ये डिझेल कधी, किती फवारायचं हे ईसीएम (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) ठरवतो. गाडी चालता चालता बंद पडली की संशय त्याच्यावर जातो. पण आधी अर्थिंग बघा. चासीवरचा अर्थचा बोल्ट गंजला असेल, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढला असेल, तर चांगला ईसीएमही बिघाडाचे भलतेच कोड दाखवतो. बदलायचाच झाला तर बॅटरी सोडवा, पार्ट नंबर तंतोतंत जुळवा. नुसता बसवून भागत नाही. त्यात त्या इंजिनाचं कॅलिब्रेशन भरावं लागतं, बऱ्याच इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला कोडही. तो चुकला की इंजिन खडखडतं, धूर सोडतं. आणि कळकळीनं सांगतो, बॅटरी जोडलेली असताना चासीवर वेल्डिंग करू देऊ नका. नवा ईसीएमही जळू शकतो.