दुर्मीळ वनस्पतींचे ठिकाण : किती उघड, किती झाकलेले?

- अचूक नोंद : अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असल्याने चार दशांश स्थळांची नोंद रोपाची जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी दाखवते, तर एकाच दशांश स्थळाची नोंद ११ किलोमीटरपर्यंत.
- झाकलेली नोंद : ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या मंचावर संकटग्रस्त प्रजातीचे ठिकाण ०.२ अंशाच्या चौकोनात कोठेही दाखवले जाते.
- धोका : पांढरी मुसळी, खर्चुडी यांसारख्या कंदवर्गीय वनस्पतींचा कंद खणून नेला की रोपच नाहीसे होते.
- कायदा : उदाहरणार्थ, ज्ञानगंगा, अंबाबरवा व लोणार ही बुलढाणा जिल्ह्यातील अभयारण्ये असून, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार तेथील वनस्पती परवान्याशिवाय नेता येत नाहीत.
- लोकजैवविविधता नोंदवही : जैविक विविधता अधिनियम, २००२ खालील स्थानिक समिती गावातील वनस्पती व त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान या नोंदवहीत नोंदवते.