पाडण्याआधी तपासा

जुनी इमारत पाडून नवी बांधणे हीच सुधारणा, असे आपण सहज गृहीत धरतो. फ्रान्समधील लाकातों आणि वासाल या वास्तुविशारद जोडीच्या कामाने ही समजूत खोटी ठरवली आहे. बोर्दो शहरातील ग्राँ पार्क वसाहतीत १९६०च्या दशकातल्या तीन इमारतींमध्ये ५३० घरे होती. सांगाडा भक्कम होता, पण घरांत उजेड आणि मोकळी जागा कमी होती. या जोडीने फ्रेदेरिक द्रुओ आणि क्रिस्तोफ ह्युतँ यांच्यासह जुन्या सांगाड्याला बाहेरून सुमारे ३.८ मीटर खोलीची नवी चौकट जोडली. लहान खिडक्यांच्या जागी मोठी सरकती काचेची दारे आली. त्यांच्यापुढे काचबंद व्हरांडा आणि मोकळा सज्जा मिळाला. हिवाळ्यात हा व्हरांडा उन्हाची ऊब धरून ठेवतो. काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरांतच राहिले. २०१९ साली या प्रकल्पाला युरोपीय संघाचा मीस व्हान डेर रोए पुरस्कार मिळाला.

यावर आक्षेप असा, की प्रत्येक जुनी इमारत इतकी धडधाकट नसते. ते खरेच आहे. गंजलेल्या सळया आणि खचलेला पाया असेल, तर माणसांचा जीव आधी. पण तो निर्णय स्ट्रक्चरल ऑडिटने व्हावा, केवळ इमारतीच्या वयावरून नव्हे. नव्या बांधकामाला पुन्हा सिमेंट आणि पोलाद लागते; उभ्या सांगाड्यात ते आधीच खर्च झालेले असते. शिवाय पाडकामात शेजार विस्कटतो, आणि तो पुन्हा बांधून मिळत नाही. म्हणून पाडणे हा शेवटचा उपाय असावा.