नकारामागचा हिशेब

आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास डायलिसिसच्या सुया सोसणारा कोल्हापूरचा रुग्ण मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण नाकारतो, तेव्हा त्याला अडाणी ठरवणं अन्यायाचं आहे. १९९९च्या अमेरिकी अभ्यासात प्रत्यारोपण झालेले रुग्ण प्रतीक्षायादीतल्यांपेक्षा जास्त जगले, हे खरं. खर्चाला सरकारी महात्मा फुले आरोग्य योजनेचा आधारही आहे. पण टॅक्रोलिमससारखी गोळी नवं मूत्रपिंड टिकेल तोवर ठरल्या वेळी घ्यावीच लागते. ती प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून संसर्गाची धास्ती. मेंदूमृत दात्याचं मूत्रपिंड हवं तर पुणे विभागाच्या यादीत थांबणं आलं. मग उरतात घरची माणसं, बहुधा आई किंवा बायको. निरोगी दाता एका मूत्रपिंडावर नीट जगतो, असं डॉक्टर समजावतात. तरी ‘तिला काही झालं तर पोरांचं कोण बघणार?’ ही भीती त्यानं जात नाही. तिचं मत तरी कुणी तिला एकटीला बसवून विचारलेलं असतं का?